रीफ टँकचं गढूळ पाणी निवळायचं कसं

रीफ टँक म्हणजे मासे आणि जिवंत कोरल (प्रवाळ) ठेवलेला खाऱ्या पाण्याचा टँक. त्याचं पाणी गढूळ झालं, तर त्यात काहीही टाकण्याआधी स्वयंपाकघरातून काचेचे तीन स्वच्छ ग्लास आणा. टँकच्या मध्यातून, खालची वाळू न ढवळता, तिन्ही ग्लास भरून घ्या. पहिला ग्लास काळ्या कागदासमोर धरून बाजूने टॉर्च मारा. दुसरा ओट्याच्या कोपऱ्यात रात्रभर न हलवता ठेवा. तिसऱ्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर घालून हलकेच ढवळा आणि पाच-दहा मिनिटं थांबा.

टॉर्चच्या उजेडात दिसणारे ठिपके वर सरकत असतील आणि एक-दोन मिनिटांत ग्लास स्वच्छ होत असेल, तर ते कण नाहीतच, हवेचे बारीक बुडबुडे आहेत. व्हिनेगर घातलेला ग्लास निवळला, तर पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट आहे: टँक नवीन असेल तर वाळूची पूड, जुना असेल तर बहुधा डोसिंगमधून, म्हणजे कोरलसाठी घालायच्या कॅल्शियम-कार्बोनेटच्या द्रावणांतून, तयार झालेला साका. व्हिनेगरने काही फरक नाही, पण सकाळी दुसऱ्या ग्लासच्या तळाशी पातळ थर बसलेला दिसतो, तर तो गाळ आहे, म्हणजे माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, फिल्टर मीडियाची (फिल्टरमध्ये भरलेल्या कार्बनसारख्या पदार्थांची) धूळ. दोन्ही ग्लास सकाळीही तसेच दुधट असतील तर जिवाणूंची वाढ झाली आहे. पांढऱ्या कागदासमोर हिरवी झाक दिसली तर तरंगतं शेवाळ. आणि पाणी पारदर्शक आहे पण पिवळसर दिसतं, तर तो विरघळलेला रंग आहे. तो कुठल्याही जाळीत अडकणार नाही. त्याला अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन लागतो, आणि तो विषय तिथेच संपतो.

एवढा आग्रह धरतो, कारण यातल्या एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही, आणि काही वेळा उलटतो. माझ्या चार फुटी टँकमध्ये एका रात्री चुन्याच्या निवळीचा डोस गरजेपेक्षा बराच जास्त गेला. सकाळी समोरच्या काचेतून मागची काच दिसत नव्हती. मी घाबरून लगेच निम्मं पाणी बदललं. नव्या पाण्याची अल्कॅलिनिटी (पाण्यातलं कार्बोनेट-बायकार्बोनेटचं प्रमाण) आधीच जास्त होती, टँकमध्ये कार्बोनेटचे स्फटिक तरंगत होते, आणि त्या स्फटिकांवर आणखी कार्बोनेट बसत गेलं. संध्याकाळपर्यंत पाणी पुन्हा पांढरं. दोन कोरलच्या फांद्यांची टोकं त्या आठवड्यात उघडी पडली. ग्लासात व्हिनेगर घालून बघायला दहा मिनिटं लागली असती.

आधी मासे बघा

ग्लास भरून ठेवले की टँकसमोर बसून पाच मिनिटं मासे बघा. ते पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करत असतील, कल्ले जोरजोरात हलत असतील, तर पाणी निवळण्याचा विचार नंतर करा, आधी ऑक्सिजन. खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच गोड्या पाण्यापेक्षा साधारण पाचव्या हिश्शाने कमी विरघळतो. त्यात जिवाणूंची वाढ झाली की ते तोच ऑक्सिजन वापरतात, आणि पहाटे, दिवे लागण्याआधी, पातळी सगळ्यांत खाली असते. एक वेव्हमेकर (टँकमध्ये प्रवाह निर्माण करणारा पंप) वर वळवून पृष्ठभाग चांगला खळबळता करा, एअर पंप असेल तर सुरू करा, स्किमरला (बुडबुड्यांनी घाण वर काढणाऱ्या यंत्राला) हवा पूर्ण द्या. त्या दिवशी खाणं घालू नका. निरोगी मासा एक-दोन दिवस उपाशी सहज राहतो.

कोरलकडेही बघा. पाण्यातून खाली बसणारी धूळ कोरल चिकट स्राव सोडून अंगावरून काढून टाकतं, आणि त्यात त्याची ताकद खर्च होते. पॉलिप, म्हणजे कोरलचे फुलासारखे उमलणारे छोटे जीव, आखडून बसले असतील, अंगावर पांढरी पूड साचली असेल, तर लांब नळीच्या रबरी पिचकारीने, हौशी लोक तिला बेस्टर म्हणतात, हलक्या हाताने पाणी मारून ती उडवा. थेट अंगावर जोरदार झोत नको, थोडा बाजूने.

कण किती बारीक आहे, त्यावर सगळं ठरतं

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. अ‍ॅरागोनाइट वाळूच्या (ही कॅल्शियम कार्बोनेटचीच असते) पुडीतला 10 मायक्रॉनचा कण अगदी स्थिर पाण्यात 50 सेंटीमीटर खाली यायला साधारण 75 मिनिटं घेतो. कण दहापट बारीक झाला की बसण्याचा वेग शंभरपट कमी होतो, म्हणजे 1 मायक्रॉनच्या कणाला तेवढंच अंतर उतरायला पाच दिवसांहून जास्त लागतील. आणि आपला टँक स्थिर कधीच नसतो. वेव्हमेकर त्याला खाली बसूच देत नाही. म्हणून “आपोआप बसेल” हे वाळूच्या जाड पुडीसाठी खरं आहे, अगदी बारीक पुडीसाठी नाही. ती दोन मार्गांनी जाते: कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, किंवा आपण त्यांना कशात तरी अडकवतो.

चिकटण्याच्या बाबतीत समुद्राचं पाणी आपल्या बाजूने असतं. मातीच्या कणांवर ऋण भार असतो, त्यामुळे गोड्या पाण्यात ते एकमेकांना दूर ढकलतात. मीठ आलं की त्या ढकलण्याचा आवाका आखडतो आणि कण जवळ येऊन चिकटू लागतात. पावसाळ्यात लाल पाणी घेऊन आलेल्या कोकणातल्या नद्यांचा गाळ खाडीच्या तोंडाशी बसतो, त्यामागे मंदावलेला प्रवाह आहे तसं हेही एक कारण आहे. नव्या रीफ टँकमधली वाळूची पूड दोन-तीन दिवसांत बरीचशी निवळते तीही अशीच. कणांवर जिवाणूंचा पातळ चिकट थर चढला की काम आणखी सोपं होतं.

आता अडकवण्याचा हिशोब. हा एकदा समजला की घाई कमी होते. समजा टँक चार बाय दीड बाय दीड फूट आहे, म्हणजे साधारण 250 लिटर, आणि सम्पमधून, म्हणजे टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीतून, प्रत्यक्षात तासाला 1000 लिटर पाणी फिरतं. म्हणजे तासाला चार फेऱ्या. पण एका फेरीत सगळं पाणी फिल्टरमधून जात नाही, कारण गाळलेलं पाणी न गाळलेल्यात मिसळत राहतं. फिल्टर प्रत्येक कण पकडत असेल तरीही एका फेरीनंतर साधारण 37 टक्के कण उरतात, तीन फेऱ्यांनंतर 5 टक्के, पाच फेऱ्यांनंतर 1 टक्क्याच्याही खाली. पाच फेऱ्या म्हणजे आपल्या टँकमध्ये 75 मिनिटं. फिल्टर दर खेपेला फक्त दहावा हिस्सा पकडत असेल तर याच्या दहापट, म्हणजे साडेबारा तास.

यातून एक फार उपयोगाची गोष्ट हाती लागते. नीट बसवलेला फिल्टर चोवीस तास चालूनही पाण्यात काहीच फरक दिसत नसेल, तर दोनच शक्यता उरतात. कण त्या फिल्टरमधून आरपार जात आहेत, किंवा कुठून तरी नवे येत आहेत. तिसऱ्या दिवशी तोच सॉक (पाणी गाळायची पिशवी) धुऊन परत लावण्यापेक्षा यातलं कुठलं ते शोधा.

उगम बंद करणं

गढूळ पाणी घेऊन येणाऱ्या हौशींना मी पहिला प्रश्न विचारतो: गेल्या 48 तासांत टँकमध्ये काय बदललं? उत्तर बहुतेक वेळा यांपैकी एक असतं.

नवी वाळू घातली, किंवा वेव्हमेकरची दिशा बदलली. साखरेसारखी बारीक वाळू, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची, जोरदार प्रवाहात तळाशी टिकत नाही. प्रवाहाचा झोत वाळूवर आपटत असेल तर तो वर करा. फक्त सॉफ्ट कोरलचा (दगडी सांगाडा नसलेल्या कोरलचा), मंद प्रवाहाचा टँक असेल तर बारीक वाळू चालते. जोरदार प्रवाह लागणारे कोरल ठेवायचे असतील तर 1 ते 2 मिलिमीटरचा दाणा घ्या, पुढची कटकट वाचते.

नवा मासा आला. वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांतून गाळणारे गोबी दिवसभर पूड उडवत राहतात. तो त्यांचा स्वभाव आहे, त्यावर औषध नाही. वाळूतली पूड कमी होत गेली की त्रासही कमी होतो.

कार्बन किंवा फॉस्फेट काढणारा लोहयुक्त मीडिया बदलला. काळी किंवा गंजाच्या रंगाची धूळ त्यातूनच आलेली असते. हे दोन्ही मीडिया आरओच्या पाण्यात, वरचं पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचे. रिअ‍ॅक्टर (मीडिया भरलेली नळी, तिच्यातून पंप पाणी ढकलतो) असेल तर सुरुवातीचं पाच-दहा लिटर पाणी बादलीत सोडायचं, टँकमध्ये नाही.

वीज गेली होती. पंप बंद असताना पाइपांत आणि खडकांच्या खोबणीत साचलेला गाळ वीज आल्यावर एकदम उडतो. हा काही तासांत सॉकमध्ये जमा होतो. फक्त सॉक त्या दिवशीच बदला.

पाणी बदललं, आणि मीठ नीट विरघळलेलं नव्हतं. मीठ पाण्यात घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही. मिठाच्या ढिगावर थोडं थोडं पाणी पडलं की त्या घट्ट द्रावणात कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना भेटतात आणि साका तयार होतो, तो नंतर सहज विरघळत नाही. आधी ड्रममध्ये शून्य टीडीएसचं, म्हणजे काहीही न विरघळलेलं पाणी, त्यात पंप चालू, मग मीठ हळूहळू. पाणी काचेसारखं झालं, आणि रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारेपणा मोजायच्या उपकरणावर, 35 पीपीटी (हजारात 35 भाग मीठ) दिसलं, की मगच टँकमध्ये.

आणि एक कारण जे पहिल्यांदा बघताना छाती दडपते. दिवे मंद होत असताना काचेवर चढलेली एखादी गोगलगाय पांढऱ्या धुराची रेघ सोडू लागते, मग दुसरी, मग तिसरी, आणि पंधरा मिनिटांत टँक धुरकट. टर्बो आणि ट्रोकस गोगलगायींचं ते प्रजनन आहे. काही करायचं नाही. स्किमर चालू ठेवा, सकाळपर्यंत पाणी जवळपास नेहमीसारखं होतं.

जाळी, सॉक, फ्लॉस

आता प्रत्यक्ष गाळणं. नव्या माणसाने इथेच पैसे घालावेत, बाटल्यांवर नाही.

फिल्टर सॉक बाजारात साधारण 200 आणि 100 मायक्रॉनचे मिळतात, जाळीचे आणि नमद्याचे (दाबलेल्या तंतूंच्या कापडाचे). जाळीचा धुवायला सोपा, नमद्याचा बारीक कण जास्त पकडतो. रोजच्या वापराला 200 पुरे. पाणी निवळायचं असेल त्या दोन-तीन दिवसांपुरता 100 चा नमदा लावा. वापरता वापरता त्याची छिद्रं भरत जातात आणि तो त्याच्यावर लिहिलेल्या आकड्यापेक्षाही बारीक कण पकडू लागतो. पण त्याच कारणाने तो लवकर तुंबतो आणि पाणी त्याच्या काठावरून वाहून जातं. सकाळ-संध्याकाळ हात लावून बघा. काठावरून पाणी जात असेल तर फिल्टर नाहीच असं समजा.

सॉक नसेल तर फ्लॉस, म्हणजे पांढरा तंतूंचा कापूस. उशीत भरायचा पॉलिएस्टर कापूसही चालतो, मात्र त्यावर कुठलीही प्रक्रिया केलेली नाही याची खात्री करून घ्या. सुगंधी किंवा आग-प्रतिबंधक केलेला अजिबात नको. फ्लॉसच्या बाबतीत सर्रास होणारी चूक ती ठेवण्याची. पाणी आळशी असतं, जिथे वाट मोकळी तिथून जातं. फ्लॉसच्या कडेला बोटभर फट असली तर पाणी तिथूनच जातं आणि फ्लॉस पांढरीशुभ्र राहते. दोन दिवसांनीही फ्लॉस स्वच्छ दिसत असेल तर आनंद मानू नका, कडा तपासा. ती कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत दाबून बसवा, वर एक प्लॅस्टिकची जाळी ठेवा, आणि पाणी वरून खाली पडेल अशी रचना करा.

सॉक किंवा फ्लॉस जास्तीत जास्त तीन-चार दिवस, गढूळ पाण्याच्या काळात रोज. अडकलेला गाळ पाण्यातच असतो. तिथे तो कुजत राहतो आणि नायट्रेट, फॉस्फेट पाण्यात जातच राहतं. सॉक उलटा करून नळाच्या जोरदार धारेखाली धुवा. महिन्यातून एकदा, दहा भाग पाण्यात एक भाग साधं, वास नसलेलं घरगुती ब्लीच घालून तासभर भिजवा, भरपूर पाण्यात खळबळून काढा आणि कडक उन्हात पूर्ण वाळू द्या. ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. कपड्यांची पावडर, साबण नको. तीन-चार सॉकचा संच असला की पावसाळ्यात वाळायची वाट बघावी लागत नाही.

सॉक लावलेला असताना टँकमधला गाळ मुद्दाम उडवायचा असतो, हे नवख्यांना विचित्र वाटतं. पण कोपऱ्यात बसलेला गाळ सॉकपर्यंत स्वतः चालत जाणार नाही. बेस्टर घ्या, वरच्या खडकांपासून सुरुवात करून खाली या, प्रत्येक खोबणीत पाणी मारा. तासभर पाणी घाण दिसेल. मग सॉक बदला. वाळू साफ करायची तर एका वेळी चौथा हिस्सा, सायफन लावून. जुन्या, चार इंचांहून खोल थराला मात्र हात लावू नका; तिथे ऑक्सिजन नसतो, सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड दडलेला असू शकतो आणि तो पाण्यात सुटला तर माशांच्या जिवावर बेततं.

स्किमरबद्दल एक गैरसमज दूर करतो. स्किमरच्या बुडबुड्यांच्या कडेला सेंद्रिय पदार्थ चिकटतात, फेस होऊन वर येतात. सेंद्रिय घाण, जिवाणू, थोडा गाळ यांसाठी तो उत्तम. वाळूच्या पुडीवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. “मोठा स्किमर घेतला तरी पाणी पांढरंच” याचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं.

सॉकमधूनही आरपार जाणारे कण

रात्रभराच्या ग्लासात पातळ थर बसतो, पण 100 मायक्रॉनचा सॉक रिकामा. म्हणजे कण फार बारीक आहेत. इथे 1 ते 5 मायक्रॉनची प्लीटेड (चुणीदार) कार्ट्रिज उपयोगी पडते, घरच्या आरओच्या आधी बसवतात तशा हाउसिंगमध्ये, छोट्या पंपाने चालवलेली. पंपाला दाब लागतो. साध्या पॉवरहेडने (पाण्यात बुडवायच्या, कमी दाबाच्या पंपाने) पाणी जेमतेम ठिबकेल. हे पक्कं बसवून टाकायचं यंत्र नव्हे. एक दिवस लावा, पाणी चमकलं की काढा. जास्त दिवस राहिली तर कार्ट्रिज तुंबते आणि पाण्यातलं चांगलंही ओढून घेते.

त्याहून बारीक म्हणजे डायटम मातीचा फिल्टर. डायटम हे सिलिकाचं कवच असलेले सूक्ष्म शैवाल. त्यांच्या कवचांची भुकटी कापडावर थर देऊन बसवली की त्यातून पाणी फार स्वच्छ निघतं. भुकटी हाताळताना तोंडाला मास्क बांधा, ती फुप्फुसांना वाईट. आणि थर नीट बसेपर्यंत पाणी बादलीतच फिरवा, नाहीतर निवळायला गेलो आणि भुकटी टँकमध्ये सोडून आलो असं होतं.

बाटलीतली औषधं, आणि तुरटी

पाणी निवळणाऱ्या बाटल्यांमध्ये साधारणपणे लांब साखळीचे पॉलिमर असतात. ते अनेक कणांना एकत्र बांधतात, कण मोठे होतात, आणि मग सॉक त्यांना पकडतो. म्हणजे सॉक नसेल तर बाटलीचा उपयोग नाही, गोळे फक्त कोरलवर जाऊन बसतील. वापरायचीच असेल तर रीफसाठी सुरक्षित असं स्पष्ट लिहिलेली घ्या, सांगितलेल्या प्रमाणाच्या अर्धं घाला, हवा भरपूर द्या, स्किमरचा कप काढून ठेवा, कारण फेस अनावर होतो. चोवीस तासांनी सॉक बदला. त्याच आठवड्यात दुसरा डोस नको. माझं मत विचाराल तर नव्या वाळूच्या पुडीसाठी एकदा ठीक, त्यापलीकडे मी ती वापरत नाही.

तुरटीबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण आपल्याकडे प्रत्येक घरात कुणीतरी ती सुचवतंच. विहिरीचं किंवा पावसाळ्यातलं नळाचं पाणी हंड्यात तुरटी फिरवून निवळायचं, काही गावांत निवळीच्या झाडाची बी मडक्याच्या आतून घासायची, हे ज्ञान खरं आहे आणि त्यामागचं तत्त्वही कण एकत्र बांधण्याचंच. पण तुरटी अ‍ॅल्युमिनियमचं संयुग आहे. पाण्यात ती अल्कॅलिनिटी खाते, म्हणजे कोरलला सांगाडा बांधायला लागणारी गोष्टच कमी करते, आणि अ‍ॅल्युमिनियममुळे सॉफ्ट कोरल आखडतात. निवळीची बीही टँकमध्ये नको. प्यायच्या पाण्याला जे चालतं ते गोगलगायीला आणि कोळंबीला चालेलच असं नाही.

पांढरा साका झाला असेल तर

चुन्याच्या निवळीचा पीएच 12.4 च्या आसपास असतो. ती एकदम पडली किंवा कॅल्शियम आणि अल्कॅलिनिटीचे डोस एकाच जागी एकामागोमाग पडले, की तिथल्या तिथे कार्बोनेट बनतं. अशा वेळी सगळं डोसिंग थांबवा. टँकमध्ये व्हिनेगर ओतू नका. ग्लासात जे चालतं ते टँकमध्ये पीएच खाली खेचतं. पाणी बदलण्याची घाई नको, का ते वर सांगितलंच. पीएच मोजा, 8.6 च्या वर असेल तर खिडक्या उघडा, पृष्ठभाग खळबळता करा, हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात येऊ द्या. बारीक सॉक लावा. साका एक-दोन दिवसांत सॉकमध्ये आणि तळाशी जातो.

पाणी निवळल्यावर अल्कॅलिनिटी मोजा, आधी नाही, कारण तरंगणारे कण चाचणीच्या आम्लात विरघळून आकडा फुगवतात. ती बहुधा बरीच खाली आलेली असेल. दिवसाला 1 डीकेएचच्या (हे अल्कॅलिनिटीचं एकक) आसपास, त्याहून वेगाने नाही, अशी 8 ते 9 पर्यंत आणा. मॅग्नेशियमही बघा: ते 1300 पीपीएमच्या आसपास असेल तर कार्बोनेटचे स्फटिक सहजासहजी वाढत नाहीत, 1100 च्या खाली गेलं असेल तर हा प्रकार पुन्हा होईल. पंप आणि हीटर काढून अर्धं पाणी, अर्धं व्हिनेगर अशा बादलीत तासभर ठेवा. कडक पांढरं कवच चढलेलं असतं, ते सुटतं.

दुधट जिवाणू, हिरवं शेवाळ

जिवाणूंची वाढ दिसली तर उगम बहुधा अन्नात असतो: जास्त खाणं, खडकामागे मेलेला मासा, किंवा नायट्रेट कमी करायला, जिवाणूंचं खाद्य म्हणून घातलेला व्हिनेगर-व्होडकासारखा कार्बन डोस जास्त झाला. मासे मोजा. कार्बन डोस बंद. स्किमर जोरात, हवा भरपूर. सॉक इथे फार मदत करत नाही, एक-दोन मायक्रॉनचा जिवाणू त्यातून हसत निघून जातो. यूव्ही स्टरिलायझर मात्र कामाचा. मंद प्रवाहावर चालवा म्हणजे प्रकाशात जास्त वेळ मिळतो. तरंगत्या हिरव्या शेवाळालाही तोच उपाय. यूव्ही कण मारतो, काढत नाही. मेलेले पेशीतुकडे स्किमर आणि फ्लॉसने काढायचे असतात. वाळूच्या पुडीवर यूव्ही लावणं म्हणजे वीज जाळणं.

बुडबुडे असतील तर सम्पमधल्या आडव्या काचांची पाणीपातळी वाढवा, पंपाच्या आधी स्पंजचा तुकडा बसवा, पाइपच्या सांध्यांतून हवा ओढली जाते का ते ओल्या बोटाने तपासा. बस.

नवा टँक मांडताना

कोरडी अ‍ॅरागोनाइट वाळू एका वेळी दोन-तीन किलो, बादलीत, नळाच्या पाण्याखाली हाताने ढवळत धुवा. सात-आठ पाणी बदलावी लागतात. तांदूळ धुताना जसं पाणी आधी दुधट आणि मग स्वच्छ येतं तसं. शेवटचं पाणी आरओचं. पाकिटात ओली येणारी जिवंत (जिवाणूंसकट विकली जाणारी) वाळू धुवायची नाही, धुतली तर ज्यासाठी पैसे दिले तेच वाहून जातं. किनाऱ्यावरची वाळू, दगड, प्रवाळाचे तुकडे आणू नका. रत्नागिरीकडची काळी वाळू इल्मेनाइटची, लोहयुक्त असते, आणि दगडी प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे; मालवणच्या समुद्रातलं मालवणच्या समुद्रात राहू द्या.

खडक आधी मांडा, थेट काचेवर, मग वाळू त्याभोवती. पाणी भरताना वाळूवर एक ताटली ठेवा आणि धार ताटलीवर पडू द्या. पहिले चोवीस तास फक्त मुख्य पंप आणि फ्लॉस, वेव्हमेकर बंद. टँकमध्ये अजून मासे नसतात, त्यामुळे थांबायला काही अडचण नाही.

पाणी स्वच्छ झाल्यावर काय चालू ठेवायचं, हाही प्रश्न येतो. मी 100 चा सॉक आणि कार्ट्रिज काढून टाकतो, 200 चा ठेवतो, आणि आठवड्यातून दोन रात्री तोही काढतो. खऱ्या रीफवरच्या पाण्यातही कण तरंगत असतात: वनस्पती-प्लवक, कोपेपॉड (कोळंबीच्या कुळातले सूक्ष्म जीव), जिवाणूंचे पुंजके. कोरल, शिंपले, पिसाऱ्यासारखे ट्यूबवर्म यांचं ते जेवण आहे. दिवे गेल्यानंतर अर्ध्या तासाने टॉर्च लावून बघा. सॉक काढलेल्या रात्री पॉलिप किती लांब बाहेर येतात ते दिसेल, आणि पुढच्या वेळी सॉक कधी काढायचा हे तुमचं तुम्हालाच कळेल.